मुळं इंचभर ठेवा

आयझाबेल रटर टीव्हीला शिव्या घालते तेव्हा त्या मला माझ्या ओट्यापाशी ऐकू येतात. आमच्या रांगेतली घरं खाणकामगारांसाठी बांधलेली. कंपनीने कोळशात हात सैल सोडला असेल, पण विटांत नाही. शुक्रवारी संध्याकाळी साडेआठ वाजले की भिंतीपलीकडून आधी बागेच्या कार्यक्रमाचं गोडगोड संगीत येतं, मग ऑब्री पेनफोल्डचा लोण्यासारखा आवाज, आणि त्यावर तिचा.

"खोटारड्या! मुडद्या! तुझ्या बागेत वारा कधी येतो का रे?"

माझा नवरा म्हणतो, एवढा राग येतो तर बंद का करत नाही ती? मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "बंद कशाला करू? समोर बसवून शिव्या घालायला मला दुसरं कोण आहे पोरी? बाकीचे सगळे क्लबात दडून बसतात."

हे सगळं चौऱ्याण्णव साली सुरू झालं. आदल्या वर्षी आमच्या ब्रॅकनलॉची खाण बंद पडली होती. त्या जानेवारीत तिचा नवरा कथबर्ट गेला. मागच्या अंगणातल्या त्याच्या खोपटात, हातात झारी असताना.

आमच्याकडे डरहममध्ये दोन तऱ्हेच्या लीक असतात. एक बाजारातली, पातीच्या कांद्याची थोराड बहीण म्हणा. लांब, सडपातळ, सूपात चिरून टाकायची. दुसरी प्रदर्शनाची. ती बुटकी. तिचा पांढरा दांडा सहा इंचांहून लांब चालत नाही, पण जाडी माणसाच्या पोटरीएवढी. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी खाणकामगारांच्या क्लबात काळ्या कापडावर या लीक मांडतात, फिती लावून मोजतात, आणि ज्याची सगळ्यांत भरदार तो माणूस वर्षभर छाती काढून फिरतो. बक्षिसात ब्लँकेटं, किटल्या, खुर्च्या असतात. पण बक्षीस कुणाला हवं असतं? हवा असतो तो शेजाऱ्याचा पडलेला चेहरा.

कथबर्टची लीक त्याच्या वडिलांपासून चालत आलेली. हे लोक बी धरत नाहीत. बियांतून काय निघेल याचा नेम नाही. फुलोरा वस्तऱ्याने भादरतात, मग त्या बोंडावर केसांसारखी बारीक रोपं उगवतात, हुबेहूब आईसारखी. त्याला 'गवत' म्हणतात. गवत काढून घेतलं की आई मरते. कथबर्टने आपलं गवत आयुष्यात कुणाला दिलं नाही. शेजारच्या सेप हाइंडमार्शलाही नाही, आणि सेप म्हणजे चाळीस वर्षं त्याच्याबरोबर खाणीत उतरलेला माणूस.

बायकोला तर त्याने खोपटाचा उंबरठाही ओलांडू दिला नव्हता. आयझाबेल शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढलेली, तीनशे पोरांचं जेवण वेळेवर वाढणारी बाई. "त्यातलं तुला काय कळतंय," एवढंच तो म्हणायचा, आणि कुलूप लावून किल्ली कोटाच्या खिशात टाकायचा.

दफनानंतर चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली. कोट कुणाला तरी देऊन टाकायचा म्हणून खिसे तपासले तर किल्ली मिळाली होती. आम्ही दोघी खोपटात गेलो. आत ऊब होती. फळीवर दिवा अजून जळत होता, आणि त्याखाली मातीच्या तबकांत गवताची चाळीस रोपं, शिवणाच्या सुईएवढी, ताठ उभी. त्यांतली सहा वेगळ्या कुंड्यांत होती आणि प्रत्येकीशेजारी आगकाडी खोचलेली.

"बघ," आयझाबेल म्हणाली, "माणूस गेला, आणि याचा दिवा चालू." ती रडली नाही. तिने दिव्याला हात लावला, चटका बसला, तेव्हा म्हणाली, "ठीक आहे. सप्टेंबरात कथबर्टची लीक टेबलावर दिसेल. आणि ती मी लावलेली असेल."

ती चाळीस रोपं मेली तर रटरांची लीक जगातून संपली. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि क्लबातल्या एकूणएक माणसाला माहीत होतं. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत आम्ही क्लबाच्या दारात गेलो. दारातच, कारण आत बायकांना फक्त शनिवारी प्रवेश, तोही नवऱ्याच्या कार्डावर. कथबर्टबरोबर ते कार्डही गेलं होतं. लीकच्या प्रदर्शनाचा सेक्रेटरी लान्स जॉब्लिंग ग्लास हातात घेऊनच बाहेर आला.

"लान्स, रोपं बाहेर कधी लावायची आणि कशी, एवढंच सांग. खताचं नको सांगूस. तुझं गुपित तुलाच लखलाभ."

"अगं आयझाबेल, असं कुणी कुणाला सांगतं का? माझ्या सख्ख्या भावाला मी सांगितलेलं नाही."

"तुझ्या भावाला तू उसनी करवतसुद्धा देत नाहीस. मी कथबर्टची बायको आहे."

"म्हणून तर! त्याने स्वतः तुला सांगितलं नाही, मग मी कोण त्याच्या मनाविरुद्ध जाणारा?"

आतून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग सेपचा आवाज आला. "आयझाबेल, टीव्ही बघ की! शुक्रवारी साडेआठला. सगळं सांगतात त्यावर!" आणि आता मात्र सगळे उघड हसले.

परतताना ती माझ्या चार पावलं पुढे चालली. घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाली, "का नाही बघायचा? माणसं सांगत नाहीत तर पेटीला विचारू."

मग दर शुक्रवारी मी तिच्याकडे जाऊ लागले. ती शाळेतून आणलेली जाड रेघांची वही घेऊन बसायची, मी चहा आणि आल्याची बिस्किटं सांभाळायचे. पेनफोल्ड दिसायला छान होता, ते कबूल करते. कोपराशी विरलेला स्वेटर, पण विरलेला मोठ्या निगुतीने. हाताला माती लागायची, नखात मात्र कधी शिरायची नाही. एका शुक्रवारी बी पेरायचा, "आणि काही आठवड्यांनी" म्हणायचा, की मागे भोपळा तयार. मधल्या आठवड्यांत गोगलगायी कुणी वेचल्या, पाणी कुणी घातलं, पहिली खेप सडली तेव्हा दुसरी कुणी पेरली, हे कधी दिसलं नाही. त्याच्या बागेला दक्षिणेकडे तोंड केलेली विटांची उंच भिंत होती, आणि भिंतीवर जर्दाळू. आमच्या भिंतीवर शेवाळ येतं. आमच्याकडे मे महिन्यातसुद्धा सकाळी बादलीतलं पाणी गोठतं आणि समुद्राकडून येणारा वारा दोरीवरच्या चादरी तिसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो.

मी स्वतः आदल्या वर्षी त्याचं ऐकून टोमॅटो बाहेर लावले होते. ऑक्टोबरपर्यंत हिरवे राहिले. त्यांची चटणी केली आणि गप्प बसले. आपलंच काही चुकलं असेल, असं वाटतं आपल्याला. टीव्हीवरच्या माणसाचं सगळं उगवतं, आपलं मरतं, तर दोष आपल्याच हाताला. लाखो घरांतली माणसं असंच समजून गप्प बसत असतील. याचा मला आज जास्त राग येतो.

एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी पेनफोल्डने लीक घेतली. आयझाबेलने मला "श्श" केलं. मी काही बोललेही नव्हते.

"मुळं इंचभर ठेवा," तो म्हणाला, "पातीचे शेंडे छाटा, काठीने भोक पाडा, रोप आत सोडा, पाणी घाला, आणि विसरून जा. लीकइतकं समजूतदार पीक नाही."

तिने शब्दन् शब्द उतरवला. 'विसरून जा' खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी आम्ही लावणी केली. कथबर्टने खणून ठेवलेला चर होताच. मी तबक धरून उभी, ती गुडघ्यावर, हातात शिवणाची कात्री. कच्च. मुळं गेली. कच्च. शेंडे गेले. मुळांचे पांढरे झुपके माझ्या पायाशी पडत होते. ते किती लांब होते! कथबर्टच्या दिव्याखाली ती मुळं तीन महिने वाढली होती, आणि मी तबक धरलं होतं. ते मी विसरलेले नाही.

पलीकडच्या कुंपणाशी सेप उभा होता. पाइप तोंडात, कोपरं फळीवर. पहिल्या रोपापासून चौतिसाव्या रोपापर्यंत उभा होता.

"बरं चाललंय का, सेप?" तिने विचारलं.

"बरं चाललंय, आयझाबेल," तो म्हणाला. "हवा छान आहे."

आगकाडीवाली सहा तिने छाटली नाहीत. त्यात शहाणपण नव्हतं. "ही त्याने वेगळी काढली होती," म्हणाली. "यांना कात्री लावायला माझा हात होत नाही. राहू दे आत." ती सहा खोपटातच राहिली, दिव्याखाली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दव गोठलं. चरातली अकरा रोपं सकाळी उकडलेल्या पालकासारखी लोळली होती. उरलेली तेवीस जगली, पण जगली म्हणजे नुसती उभी राहिली. मेअखेरीस तिने खोपटातली सहा त्यांच्याशेजारी लावली, मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट. जूनच्या मध्यावर मी खिडकीतून बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. एका बाजूला तेवीस पेन्सिली, दुसऱ्या बाजूला सहा मनगटं.

आयझाबेल चरात उभी होती. वाकली, एक पेन्सिल उपटली, मुळांकडे पाहिलं. मग सरळ कुंपणाशी गेली. सेप पलीकडे आपल्या लीकना पाणी घालत होता. मी ओट्याशीच होते, खिडकी उघडी होती, आणि ऐकू यावं म्हणून मला काही करावं लागलं नाही. सगळ्या रांगेला ऐकू जात होतं.

"तू इथे उभा होतास!"

"होतो."

"माझ्या हातातली कात्री दिसत होती?"

"दिसत होती की."

"प्रदर्शनाच्या लीकचं मूळ कुणी छाटत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

सेपने झारी खाली ठेवली. "आयझाबेल, दुसऱ्याच्या चरात नाक खुपसायची आपल्याकडे रीत नाही. कथबर्टने माझ्या चरात कधी खुपसलं नाही. त्यालाच तर आम्ही मान देणं म्हणतो."

"मान! चौतीस पोरं माझ्या हाताने मारवलीस आणि मान म्हणतोस?"

"तू मला विचारलंच नाहीस."

"फेब्रुवारीत दारात येऊन विचारलं! तू आतून टीव्ही दाखवलास!"

"ती गंमत होती गं." तो थोडा वेळ पाइप चाचपत राहिला. मग म्हणाला, आणि हे त्याने बोलायला नको होतं, "मला वाटलं, तू दमशील. आणि एक दिवस म्हणशील, सेप, तूच घे बाबा ही रोपं. मी जपली असती. पोटच्या पोरासारखी जपली असती."

आयझाबेल एकदम शांत झाली. शाळेच्या स्वयंपाकघरात ती अशी शांत झाली की पोरं रांग नीट करायची, असं ऐकलंय.

"म्हणजे तू वाट बघत होतास," ती म्हणाली. "तो गेल्यापासून."

सेपने झारी उचलली. पाणी घालू लागला.

त्या संध्याकाळी तिने पेनफोल्डला पत्र लिहिलं. ते मी वाचलंय, कारण स्पेलिंग बघून दे म्हणाली. स्पेलिंग एकही चुकलं नव्हतं. 'तुम्ही म्हणालात लीक, पण कुठली लीक ते सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात आता लावा, पण आता म्हणजे कुठे ते सांगितलं नाही. तुमच्या बागेत किती माणसं कामाला आहेत तेही एकदा दाखवा, म्हणजे आम्हाला कळेल की आम्ही एकट्या का हरतो. तुम्ही म्हणालात विसरून जा. या रोपांमागे माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या बापाचं अख्खं आयुष्य होतं. मी काय विसरून जाऊ?'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छापील कार्ड: 'प्रिय प्रेक्षक, आपल्या प्रेमळ पत्राबद्दल आभार.' सोबत पेनफोल्डचा हसरा फोटो, सही छापलेली, आणि लीकच्या बियांचं एक पाकीट. लांब, सडपातळ, सूपातली.

तिने तो फोटो संडासात लावला. अजून आहे.

खरं सांगायचं तर त्या कार्यक्रमातून ती एक गोष्ट शिकली: बादलीत वाळू भरायची, त्यात जुनं तेल ओतायचं, आणि काम झालं की फावडं त्यात खुपसून ठेवायचं, म्हणजे गंजत नाही. ती आजही करते. अर्ध्या वर्षाच्या शुक्रवारांतून एक फावडं.

पण सहा लीक उरल्या होत्या, आणि त्यांचं पुढे काय करायचं हे कुणी सांगणार नव्हतं. जूनअखेरीस एका दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती भांडी घासायच्या जागी उभी, नळ बंद, नजर खिडकीबाहेर.

"पोरी, कथबर्टच्या शर्टाला मेंढरांचा वास कधी यायचा?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे. शाळेच्या सहलीच्या आठवड्यात. मी म्हणायचे, तुझे कपडे वेगळे धुवावे लागतात. म्हणजे लेंड्यांचं पोतं तो तेव्हा पिंपात बुडवायचा. आणि लीकना पाजायला क्लबातली उरलेली बिअर बुधवारी आणायचा. बुधवारी माझं इस्त्रीचं काम. आणि लीकभोवतीचं नळीच्या तुकड्याचं कडं दर रविवारी बोटभर वर चढवायचा, दांडा पांढरा राहावा म्हणून. ओव्हनमध्ये मांस असायचं आणि मी इथून ओरडायचे, हात धू, हात धू!" ती माझ्याकडे वळली. चेहरा लाल झाला होता. "अडतीस वर्षं मी या खिडकीतून बघत होते. आणि त्या पेटीसमोर वही घेऊन बसले, मूर्खासारखी! त्या भामट्याचं ऐकलं आणि स्वतःच्या डोळ्यांना विचारलं नाही."

"तू कुठे मूर्ख? तुला कुणी सांगितलंच नाही."

"त्यानेही नाही सांगितलं," ती म्हणाली. "हो, मेलेल्याबद्दल बोलतेय, बोलू दे. अडतीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि एक शब्द नाही. सेपचा राग आहे, लान्सचा आहे, त्या टीव्हीवरच्या लोणी लावलेल्याचा आहे, पण त्याचाही आहे. थडग्यावर जाऊन सांगून आले काल."

मग तिने तारखा मांडल्या. कॅलेंडर बघून नव्हे, धुण्याच्या आणि जेवणाच्या आठवणीवरून. कुठल्या आठवड्यात त्याची नखं काळी होती, कुठल्या दिवशी जुनी गोधडी गायब झाली होती आणि का. मेंढपाळाकडून लेंड्या मी आणल्या, आमच्या गाडीत. चार दिवस नवरा गाडीत बसला नाही. ऑगस्टमध्ये त्या सहा लीकच्या बुंध्याभोवती माझे दोन्ही हात पुरत नव्हते.

ऑगस्टच्या शेवटी क्लबाची कमिटी स्पर्धकांची अंगणं बघत फिरते. आयझाबेलचं अंगण यादीत नव्हतं. तरी लान्स आला, मागोमाग सेप. चरापाशी दोघं थांबले आणि टोप्या काढल्या. चर्चमध्ये काढतात तशा.

"देवा रे," लान्स म्हणाला.

"टेबलावर मांडायच्या आहेत," आयझाबेल म्हणाली. "माझ्या नावाने. आयझाबेल रटर."

लान्सने घसा साफ केला. "नियम माहीत आहे तुला. मांडणारा क्लबाचा सभासद हवा. आणि बायका सभासद... ते आपल्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे? राणीच्या?"

"ऐक तर. एक मार्ग आहे. सेपच्या नावाने मांडू. खाली चिठ्ठी लावू, 'कथबर्टच्या आठवणीत.' सगळं गाव रडेल. आणि बेणं नंतर सेपकडे राहील, नीट राहील. क्लबाचं म्हणून राहील."

मला वाटलं ती आता फावडं उचलेल. तिने हात एप्रनला पुसले.

"सूप कुणी करायचं यंदा?" तिने विचारलं.

लान्स गोंधळला. "सूप? तूच. दरवर्षी तूच करतेस."

हो, तेही सांगायला हवं. प्रदर्शन संपलं की दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, हरलेल्या लीकचं सूप गावाला वाटतात, आणि ते सूप वीस वर्षं आयझाबेल करत आली होती. क्लबाच्या स्वयंपाकघराला मागून दार आहे. त्या दाराला कार्ड लागत नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग सूपाचं बघते मी."

प्रदर्शनाच्या शनिवारी सेपला त्याच्या स्वतःच्या लीकबद्दल पहिलं बक्षीस मिळालं. त्या वर्षी ते नेहमीचं ब्लँकेट नव्हतं, रंगीत टीव्ही होता, मोठ्या पडद्याचा. सेपने त्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

रविवारी आम्ही दोघी सकाळपासून मागच्या स्वयंपाकघरात होतो. शाळेतला मोठा टोप तिने मागून आणला होता. बार्ली, गाजरं, डुकराच्या पायाचं हाड उकळत होतं. दुपारी तीनला वाढपाच्या खिडकीची फळी तिने वर केली. पलीकडे रांग: पुरुष, पोरंबाळं, आणि आज सूपाचा दिवस म्हणून बायकासुद्धा. रांगेत पुढे लान्स आणि सेप.

आयझाबेलने ओट्याखालून ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडलं. कथबर्टच्या तीन लीक. धुतलेल्या, मुळं विंचरलेली, पाती रिबिनीने बांधलेली, अगदी टेबलावर मांडतात तशा.

मागच्या टेबलावर सूपाची वाट बघत बसलेल्या कुणीतरी हातातला चमचा खाली ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. सेप पुढे वाकला, पण हात लावला नाही. लान्सच्या खिशात फीत होतीच. त्याच्याही नकळत बाहेर आली. एकीचा घेर मोजला, मग दुसरीचा. तिसरीचा मोजलाच नाही.

"काय लान्स?" मागून कुणी बाई ओरडली. "कालच्या पहिल्यापेक्षा?"

लान्स फीत गुंडाळत राहिला. "या टेबलावर असत्या तर..." तो म्हणाला.

"तर काय?" आयझाबेल म्हणाली. "नीट बोल. मागे ऐकू जात नाहीये."

"तर पहिल्या आल्या असत्या."

"मग का नव्हत्या टेबलावर?"

लान्सने फीत खिशात कोंबली. हे सगळ्या गावाने ऐकावं, एवढंच तिला हवं होतं, असं मला वाटलं. पण तेवढ्यावर ती थांबणारी नव्हती. तिने मोठी सुरी घेतली.

"आता शुक्रवारच्या साहेबांनी शिकवल्याप्रमाणे," ती म्हणाली. "मुळं इंचभर ठेवा." कच्च. "पातीचे शेंडे छाटा." कच्च.

"आयझाबेल!" सेप ओरडला. त्याचा आवाज फाटला. "अगं बुड ठेव! बुड राहू दे, त्यातून फुटेल! असं कुणी करतं का?"

"आता नाक खुपसतोस का चरात?" ती म्हणाली, आणि बुड उभं चिरलं, आडवं चिरलं, फोडी टोपात ढकलल्या. मग दुसरी. मग तिसरी. तिचा हात भराभर चालत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लीकमुळेही येतं. लान्सने टोपी काढली. टोप खदखदत होता.

वीस मिनिटांनी तिने वाढायला घेतलं. एकेकाला, पळी भरून, बायकांना आधी. कुणी नको म्हटलं नाही. सेप शेवटपर्यंत बाजूला उभा होता. रांग संपल्यावर वाडगा घेऊन पुढे आला. तिने त्यालाही भरून दिलं. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलायला गेला. पण मी शेजारीच वाडगे विसळत होते.

"सहा होत्या," तो म्हणाला. "तीन इथे. बाकीच्या तीन... बेण्याला ठेवल्यास ना? कुठे ठेवल्यास? फुलोरा कधी भादरायचा ठाऊक आहे तुला? सांगू?"

त्या तीन कुठे होत्या ते मला ठाऊक होतं. कथबर्टच्या खोपटात, कुंड्यांत, नव्या कुलपामागे. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात आणि दुसरी माझ्या चहाच्या डब्यात. फुलोरा कधी भादरायचा तेही तिला ठाऊक होतं. जुलैत एका रविवारी कथबर्टचा दाढीचा वस्तरा दरवर्षी बोथट व्हायचा, आणि तो तिच्यावर खेकसायचा.

आयझाबेलने पळी टोपात ठेवली.

"नवा टीव्ही मिळालाय ना तुला?" ती म्हणाली. "शुक्रवारी साडेआठला लाव. सगळं सांगतात त्यावर."

आणि तिने खिडकीची फळी खाली पाडली. इतक्या जोरात, की माझ्या हातातला वाडगा निसटला आणि फुटला.

"राहू दे," ती म्हणाली. "क्लबाचा आहे."